रिकम्बंट सायकल : घरगुती कार्यशाळेत टिकून राहिलेले यंत्र

१८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल बाजारात आणली आणि तेव्हापासून सायकलीचा सांगाडा जवळजवळ तसाच राहिला आहे. सारख्या मापाची दोन चाके, त्यांच्या मध्यावर पायडल, पायडलपासून मागच्या चाकाकडे गेलेली चेन आणि या सर्वांच्या वर अरुंद सीट ही मांडणी इतकी सर्वमान्य झाली आहे की सायकल याहून वेगळी असू शकते, हा विचारही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. रिकम्बंट सायकलीत मात्र चालक आरामखुर्चीत रेलावे तसा मागे रेलून बसतो, त्याच्या पाठीला पूर्ण टेकू असतो, पाय समोर पसरलेले असतात आणि पायडल त्याच्या पुढ्यात, अनेकदा पुढच्या चाकाच्याही पुढे, बसवलेले असते. अशा सायकली आज युरोप-अमेरिकेत विकत मिळतात, परंतु त्या मोजक्या कारखान्यांत, थोड्या संख्येने तयार होतात आणि त्यांच्या किमतीही चढ्या असतात. या यंत्राची बरीचशी घडण मात्र घरामागच्या शेडमध्ये, जुन्या सायकली कापून आणि लोखंडी नळ्या जोडूनच होत आली आहे. सायकलीच्या मुख्य प्रवाहातून ती बाहेर पडली याचे कारण यंत्रशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही, कारण ते १९३४ सालच्या एका नियमात आहे.

फ्रान्समधील शार्ल मोशे हे लहान आणि हलकी वाहने बनवणारे कल्पक कारागीर होते. १९२० च्या दशकात त्यांनी आपला मुलगा झोर्झ याच्यासाठी पायडलवर चालणारी छोटी चारचाकी गाडी तयार केली. दुचाकी सायकल मुलासाठी धोक्याची आहे असे त्याच्या आईला वाटत होते, असे सांगितले जाते. ही गाडी इतर मुलांच्या सायकलींना मागे टाकू लागल्यावर मोशे यांनी मोठ्या माणसांसाठी दोन आसनांची ‘वेलोकार’ काढली आणि तिला गिऱ्हाईकही मिळाले. वेगात वळताना ती कलंडण्याची भीती असे, तेव्हा मोशे यांनी ती जणू मधोमध कापून निम्मी केली आणि एकच माणूस दोन चाकांवर रेलून बसेल अशी सायकल १९३० च्या दशकाच्या आरंभी तयार केली. तिचे आसन चालकाच्या पायांच्या लांबीप्रमाणे पुढेमागे करता येत असे, ही गोष्ट पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या सायकलीवर फ्रान्सिस फोर हा शर्यतपटू बसला. तो त्या काळच्या अव्वल सायकलपटूंत गणला जात नव्हता. तरीही ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ‘तासाचा विक्रम’ म्हणजे बांधीव धावपट्टीवर, पुढे कोणाचाही आडोसा न घेता, एकट्याने साठ मिनिटांत कापलेले अंतर. सायकलिंगच्या जगात या विक्रमाला फार मान आहे. स्विस सायकलपटू ऑस्कर एग यांनी १९१४ साली केलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम तोवर एकोणीस वर्षे अबाधित होता, आणि तो दुय्यम मानल्या गेलेल्या खेळाडूने मोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोरिस रिशार यांनी सर्वसाधारण सायकलीवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापले. मोठा आकडा फोरचा होता, परंतु ज्यावर तो बसला होता त्या यंत्राला सायकल म्हणायचे की नाही, असा प्रश्न यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे उभा राहिला. १९३४ साली संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच नव्याने केली. पायडलची धुरी जमिनीपासून किती उंच असावी, सीटचे टोक तिच्या मागे किती अंतरावर असावे, याची मापे ठरवली, आणि त्या मापांत वेलोकार बसत नसल्यामुळे विक्रम रिशार यांच्या नावावर राहिला. मोशे यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

शर्यत ही माणसांच्या बळाची असावी, यंत्रांची नसावी, असा युक्तिवाद या निर्णयामागे होता आणि तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु त्याचा परिणाम शर्यतीच्या मैदानापुरता राहिला नाही. कारखाने सहसा तीच सायकल बनवतात जी शर्यतीत जिंकताना लोकांना दिसते. जी सायकल शर्यतीत उतरूच शकत नाही तिच्यावर भांडवल लावायला कोणी धजावत नाही, आणि भांडवल नसले की सुटे भाग, साचे, दुरुस्तीची सोय यांपैकी काहीच उभे राहत नाही. फोरने मार्च १९३९ मध्ये वेलोकारवर हवा कापणारे कवच चढवून एका तासात पन्नास किलोमीटरची मर्यादा ओलांडली, तरीही बाजार हलला नाही.

अशा स्थितीत ही सायकल ज्यांनी जिवंत ठेवली ते बहुतेक पदरमोड करणारे हौशी लोक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये पेट्रोलची टंचाई असताना ‘फँटम’ नावाच्या पायडलच्या गाडीचे आराखडे मोठ्या संख्येने विकले गेले आणि ते समोर ठेवून लोकांनी घरीच गाड्या बांधायला घेतल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मानवशक्तीवर चालणाऱ्या वाहनांसाठी स्पर्धा जाहीर केली. त्यांच्या रेखाटनांवरून कॅलिफोर्नियातील फ्रेड विल्की यांनी बांधलेली रिकम्बंट, तिच्यात विल्सन यांनी केलेले फेरफार आणि त्यांतून पुढे आलेली ‘अवतार २०००’ ही सायकल यांनी अमेरिकेत या विषयाला पुन्हा चालना दिली. १९७६ साली तिथेच मानवचालित वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि आकारावर कसलेही बंधन नसलेल्या शर्यतींना तिने आधार दिला. नेवाडातील बॅटल माउंटनजवळच्या सपाट रस्त्यावर १७ सप्टेंबर २०१६ रोजी कॅनडाच्या टॉड राइकर्ट यांनी स्वतःच्या गटाने बांधलेल्या, पूर्ण कवचबंद ‘ईटा’ या रिकम्बंटवर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. हा वेग केवळ माणसाच्या पायांनी, सपाट रस्त्यावर गाठलेला आहे, हे सहज विश्वास बसण्यासारखे नाही.

या वेगामागचे कारण मात्र साधे आहे. सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा झाल्यास हवेपोटी लागणारी शक्ती आठपट होते. हा रोध दोन गोष्टींवर ठरतो : समोरून दिसणारे शरीराचे क्षेत्रफळ आणि त्याचा आकार हवेला किती सुलभ वाट देतो हे दाखवणारा गुणांक. ताठ बसलेल्या माणसाच्या बाबतीत या दोहोंचा गुणाकार साधारण अर्धा चौरस मीटर किंवा थोडा अधिक येतो, तर पुरेशी मागे रेललेली रिकम्बंट तो पाव चौरस मीटरच्याही खाली आणू शकते. ताशी तीस किलोमीटर वेगाचा हिशेब मांडल्यास पहिल्याला केवळ हवेपोटी सुमारे १९० वॅट आणि दुसऱ्याला सुमारे ८० वॅट शक्ती लागते. नियमित व्यायाम नसलेला माणूस तासभर सलग १०० ते १५० वॅट देऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते.

चढावर हे गणित उलटते, आणि रिकम्बंटचे काही पुरस्कर्ते ही गोष्ट दडवतात ते बरे नाही. चढावर वेग कमी असल्याने हवेचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, वजनच भारी पडते, आणि घरी बांधलेली रिकम्बंट बहुधा १५ ते २० किलोची असते. शिवाय नेहमीच्या सायकलीवर चालक सीटवरून उठून उभ्याने पायडल मारतो तसे इथे करता येत नाही. रेललेल्या चालकाने टेकूवर पाठ रेटून नेट लावला तर गुडघ्यांवर अनाठायी ताण येतो. म्हणून हलका गिअर लावून, पाय भरभर फिरवत, सावकाश वर जाणे हाच त्यावरचा उपाय ठरतो, आणि त्यासाठी गिअरची पट्टी नेहमीपेक्षा रुंद ठेवावी लागते.

रिकम्बंट बांधायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो मांडणीचा. लांब मांडणीत पुढचे चाक पायडलच्या पुढे असते आणि दोन चाकांच्या आसांमधले अंतर दीड मीटरहून बरेच अधिक होते. ही सायकल स्थिर, समजूतदार आणि नवशिक्याला सोपी, पण ती जिन्यावरून वर नेता येत नाही की गर्दीत पटकन वळत नाही. आखूड मांडणीत पुढचे चाक चालकाच्या मांड्यांखाली येते आणि पायडल त्याच्या पुढे झेपावते. ही चपळ असते, मात्र वळताना टाच चाकाला घासण्याचा धोका तिच्यात कायम राहतो. तीनचाकी मांडणीत, विशेषतः पुढे दोन आणि मागे एक चाक असताना, तोल सांभाळण्याचा प्रश्नच मिटतो, परंतु पुढच्या दोन चाकांचे सुकाणू अचूक जुळवणे हे घरच्या कारागिराची कसोटी पाहणारे काम आहे. पहिलीच सायकल बांधणाऱ्याने लांब मांडणी घ्यावी, हा अनुभवी लोकांचा सल्ला रास्त वाटतो, कारण तिच्यात चुकीला जागा अधिक असते.

त्यानंतर सामान. महाराष्ट्रातील कोणत्याही गावात यातले जवळजवळ सर्व मिळू शकते, ही जमेची बाजू आहे. भंगारातल्या दोन सायकली घेतल्या तर कामाचा मोठा भाग भागतो : मोठीचे मागचे चाक, फ्रीव्हील आणि मागचा सांगाडा, तर लहान मुलाच्या वीस इंची सायकलीचा चिमटा आणि पुढचे चाक. मुख्य दांड्यासाठी फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारा ४० मिलिमीटर चौकोनी आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा पाइप चालतो. त्याचे वजन मीटरला दोन किलोच्या आत असते. गोल नळीपेक्षा चौकोनी पाइप थोडा जड पडतो, पण त्याची सपाट बाजू टेबलावर बसते, गुण्या लावता येतो आणि कापलेली तोंडे एकमेकांना बिनचूक भिडतात. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप मात्र वापरू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासावाटे आत गेला तर ताप व थंडी भरून येते.

पाइपला करवत लावण्याआधी माप घ्यायचे ते चालकाच्या शरीराचे, आणि घरी बांधलेल्या रिकम्बंटचे सारे मर्म इथे आहे. नेहमीच्या सायकलीत सीटचा दांडा वरखाली केला की निरनिराळ्या उंचीची माणसे तिच्यावर भागवून घेतात. रिकम्बंटमध्ये पाठ टेकूला खिळलेली असल्याने पायाच्या लांबीतला दोन सेंटिमीटरचा फरकसुद्धा गुडघ्याला कळतो. म्हणून चालकाने जमिनीवर, भिंतीला पाठ आणि बूड पक्के टेकवून, पाय सरळ लांब करून बसायचे आणि भिंतीपासून बुटाच्या तळापर्यंतचे अंतर दुसऱ्याने मोजायचे. सीटच्या टेकूपासून पायडलपर्यंतचे सर्वांत लांबचे अंतर या मापाहून किंचित कमी ठेवले म्हणजे पाय पूर्ण ताणला असतानाही गुडघा जरा वाकलेला राहतो. हे माप पाळूनही पायडलची धुरी सरकती ठेवणे शहाणपणाचे असते. जुन्या फ्रेमचा बीबी, म्हणजे ज्यात क्रँकचा एक्सल फिरतो ते नळकांडे, कापून आत सरकणाऱ्या छोट्या पाइपच्या टोकाला जोडतात आणि बाहेरच्या पाइपला चीर पाडून वर क्लॅम्प आवळतात. मोशे यांच्या सायकलीतील सरकत्या आसनाचेच हे दुसरे रूप होय.

सुकाणूचा भाग सर्वांत नाजूक असतो. पुढचा चिमटा ज्या नळीत फिरतो तिचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे मिळतो. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात आणि त्याच्यामुळेच चालत्या सायकलीचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. वीस इंची चाक, नळीचा जमिनीशी ७० अंशांचा कोन आणि चिमट्याचा तीन सेंटिमीटरचा बाक घेतला तर ट्रेल सुमारे सहा सेंटिमीटर येते आणि ते नित्याच्या वापराला ठीक असते. कोन दोन-तीन अंशांनी चुकला तर सायकल एकतर चंचल होते किंवा वळायलाच मागत नाही, म्हणून ही नळी टाके मारूनच आधी बसवावी, म्हणजे वेल्डिंगचे दोन-चार छोटे ठिपके देऊन जागेवर धरावी, चाके लावून, दोरी आणि ओळंब्याने सर्व काही एका रेषेत आहे याची खात्री करावी, आणि मगच पूर्ण जोड भरावा. वेल्डिंगची उष्णता पाइपला एका बाजूला ओढते; म्हणून आळीपाळीने समोरासमोरच्या बाजू भरत जाणे हे जाणत्या वेल्डरचे लक्षण आहे. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने निदान या नळीचा आणि चिमट्याचा जोड तरी अशा वेल्डरकडूनच करून घ्यावा.

चेनची लांबी हे या यंत्राचे आणखी एक वैशिष्ट्य. नेहमीच्या सायकलीला सुमारे दीड मीटर चेन पुरते, तर रिकम्बंटला दोन ते तीन चेन एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि इतकी लांब चेन सीटखालून नेताना तिला पुलीवरून वळण द्यावे लागते. पायडलवर सुमारे ५० किलोचा भार दिला तर मध्यम आकाराच्या चेनव्हीलवर चेनमध्ये जवळपास १०० किलोचा ताण येतो. ही ताणलेली चेन पुलीवर वीस अंशांनी जरी वळवली तरी पुलीच्या आसावर तीस-पस्तीस किलोचा रेटा पडतो. म्हणून वरच्या, म्हणजे ओढणाऱ्या बाजूच्या पुलीला चांगले बंद बेअरिंग आणि भक्कम बोल्ट हवा. परतीच्या ढिल्या बाजूला साधी प्लॅस्टिकची पुली किंवा नळीही चालते. नवशिके बहुधा याउलट करतात आणि मग पुली कुरकुरते, झिजते, चेन उतरते.

सीटसाठी मात्र परदेशी आराखड्यांकडे पाहण्याची गरज नाही. वाकवलेल्या नळीच्या चौकटीवर खाटेची नवार ताणून विणली तर पाठीचा आकार ती आपोआप घेते, घाम येऊ देत नाही आणि सैल झाली की पुन्हा आवळता येते; उन्हाळ्यात फायबरच्या बंद कवचापेक्षा ती कितीतरी सुखाची ठरते. टेकूचा कोन पहिल्या सायकलीत जमिनीशी पन्नास अंशांच्या आसपास ठेवला तर गुडघ्यांवरून रस्ता नीट दिसतो. वेगासाठी तो तीस अंशांपर्यंत आणता येतो, पण शहराच्या रहदारीत नजर उंच असणे अधिक महत्त्वाचे.

चालवायला शिकताना जुना सराव उलट आड येतो. नेहमीच्या सायकलीवर माणूस कमरेने तोल सावरत असतो. इथे कंबर सीटला टेकलेली असल्याने सर्व काम हँडलवर येते, आणि घाबरलेला माणूस ते घट्ट धरून ओढू लागला की सायकल नागमोडी जाते. म्हणून सुरुवात मोकळ्या मैदानात, अगदी सौम्य उतारावर, दोन्ही पाय पायडलवर न घेता नुसते घरंगळत जाऊन करतात. मग हलका गिअर लावून, एक पाय जमिनीवर आणि दुसरा वर आलेल्या पायडलवर ठेवून, एकाच जोरकस रेट्याने निघतात, कारण पहिल्या अर्ध्या फेऱ्यात वेग मिळाला नाही तर तोल जातोच. खांदे सैल आणि नजर दूर ठेवणे हे त्यातले गमक. पायांचे स्नायूही निराळ्या रीतीने वापरले जातात, त्यामुळे पहिले काही आठवडे मुरलेला सायकलस्वारही इथे धापा टाकतो.

त्यानंतर मिळणारे सुख मात्र खरे असते. मनगटे, मान आणि जांघ यांवर कसलाच भार नसतो, दिवसभर चालवूनही बूड दुखत नाही आणि समोर हँडलऐवजी सारा रस्ता व आकाश दिसते. पाठदुखी किंवा मनगटदुखीमुळे सायकल सोडावी लागलेल्या अनेकांना रिकम्बंटने ती परत दिली आहे. जोराचा ब्रेक लागला तरी चालक हँडलवरून डोक्यावर आपटण्याची शक्यता फार कमी असते. याच्या उलट खड्डा दिसल्यावर सीटवरून अंग उचलून हादरा वाचवता येत नाही, तो थेट पाठीत येतो, म्हणून आपल्याकडच्या रस्त्यांवर रुंद टायर आणि निदान मागच्या चाकाला स्प्रिंग असलेली बरी. मागे वळून पाहता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आरसे अनिवार्य समजावेत. आणि सायकल ठेंगणी असल्यास ट्रक-बसच्या चालकाला ती दिसावी म्हणून मागे उंच काठीवर भडक रंगाचा झेंडा लावतात.

बांधून झालेली फ्रेम लगेच रंगवण्याचा मोह अनुभवी कारागीर टाळतात. गंज धरू नये म्हणून तिला नुसता तेलाचा हात देतात आणि काहीशे किलोमीटर तशीच उघडी चालवतात, कारण जोडाच्या काठाशी पडणारी केसाएवढी भेग रंगाखाली दिसत नाही. या काळात दर फेरीनंतर चिमट्याची नळी, बीबीचा जोड आणि सीटचे पाय यांवरून बोटे फिरवून पाहतात, पुलीची जागा बदलतात, हँडलची उंची कमीजास्त करतात आणि सीटचा कोन आपल्या मानेला मानवेल तसा आणतात. यात पुष्कळदा फ्रेम पुन्हा कापावी लागते, आणि तोवर हाताशी आलेल्या मापांवरून दुसरी, हलकी फ्रेम बांधायला घेतलेली असते. पहिलीची चाके, चेन, पुल्या आणि नवारीची सीट मग तिच्यावर चढतात.